ओ दिसतो, पण ओ नसतो

१९५२ सालापर्यंत जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत ओ ग्रुपची बाटली म्हणजे हक्काचा आधार. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली रक्तगट दाखवून दिले, १९३० साली त्याबद्दल त्याला नोबेल मिळालं, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी एक सोपा हिशेब पाठ करून टाकला. ए गटाच्या पेशींवर ए, बीच्या पेशींवर बी, एबीवर दोन्ही, ओवर काहीच नाही. जिच्यावर काहीच नाही त्या पेशीला पेशंटचं रक्त विरोध कशाला करेल? अडीअडचणीला ओ चढवा आणि मोकळे व्हा.

हा हिशेब मोडला तो मुंबईत. अपघातात सापडलेला एक रेल्वे कामगार आणि सुऱ्याने भोसकला गेलेला एक माणूस, दोघांनाही रक्ताची गरज होती. तपासणीत दोघे ओ वाटत होते, पण ओचं रक्त त्यांच्या सिरममध्ये घातलं की गुठळ्या धरायचं. ए नको, बी नको, एबी नको आणि ओही नको. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी हे प्रकरण ‘चमत्कारिक केस’ म्हणून फाइलबंद केलं नाही. असा तिसरा माणूसही त्यांना सापडला, आणि या तिघांचं रक्त एकमेकांशी बिनतक्रार जुळलं. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापून आला. त्यावर या तिघांबरोबर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या चौघांची नावं आहेत: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. त्या काळात नव्या रक्तगटाला पेशंटचं आडनाव द्यायची पद्धत होती, केल आणि डफी हे गट त्यातलेच. इथे मात्र नाव पडलं शहराचं. शहर पुढे मुंबई झालं, पण आम्ही रक्तपेढीतले आजही ‘बॉम्बे’च म्हणतो.

मी तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागले तेव्हा हा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता. शिकवली होती ती फक्त पद्धत. पेशंटच्या पेशींवर निळी अँटी-ए, पिवळी अँटी-बी टाकायची. मग उलट बाजूने, त्याच्या सिरममध्ये माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशी घालून बघायच्या. घाईच्या वेळी हीच उलट बाजू टाळायचा मोह होतो, आणि बॉम्बे ग्रुप नेमका तिथेच पकडला जातो. खरा ओ असेल तर ओ पेशींची ट्यूब स्वच्छ राहते. बॉम्बे असेल तर त्याच ट्यूबमध्ये, सेंट्रीफ्यूजमधून काढून हलकेच टिचकी मारली की लाल गोळा तसाच्या तसा सुटून वर येतो, विरघळत नाही. तीच ट्यूब ३७ अंशांवर ठेवली तरी फरक पडत नाही. म्हणजे शरीराच्या तापमानालाही ही प्रतिपिंडं तितकीच जोरात काम करतात. असं रक्त चढवलं तर पेशी फुटणारच. खात्रीसाठी शेवटी अँटी-एच टाकायचं. ते गोर्स नावाच्या युरोपी काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. साध्या ओ पेशी त्याने घट्ट गोळा होतात. बॉम्बेच्या पेशी ढिम्म.

हे ‘एच’ काय, त्याचं उत्तर मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या रसायनशास्त्रातून आलं. रक्तगट म्हणजे लाल पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्या. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की एच तयार होतं. एच ही खुंटी समजा. त्या खुंटीवर एक साखर अडकवली तर ए, दुसरी अडकवली तर बी. ओ गटाच्या माणसाची खुंटी मोकळी असते, पण असते. ओवर काहीच नाही, हा पन्नास वर्षं चालत आलेला समज इथे खोटा ठरला. बॉम्बेच्या माणसाकडे खुंटीच नसते, म्हणून त्याच्या शरीराला एच परकं वाटतं आणि ओचं रक्तही चालत नाही.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. १९५५ साली फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एक बाई तपासली. दिसायला ओ, पण तिच्या अपत्यात बी उतरला होता. म्हणजे बीचं जनुक तिच्याकडे शाबूत होतं, फक्त प्रकट व्हायला जागा नव्हती. एका जनुकाच्या उणिवेमुळे दुसरं झाकलं जातं, याचं हे इतकं स्वच्छ उदाहरण की आज बारावी-बीएस्सीच्या पुस्तकांतही ते सापडतं. रक्तगटावरून पितृत्वाचे निवाडे करणाऱ्यांनी तर ते आधी वाचायला हवं. आई-बाप दोघे ओ आणि मूल बी, एवढ्यावरून कुणावर संशय घ्यायचा नसतो.

सिरमने माणूस ओळखला, रसायनाने उणीव सांगितली, वंशवेलीने ती वारशाने येते हे दाखवलं. तरी एक प्रश्न उरलाच: असे लोक इथेच इतके का? भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईतलं प्रमाण ७,६०० लोकांत एक असं मांडलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास धरतात. देशात सापडलेल्या कुटुंबांतही महाराष्ट्र आणि शेजारचा कर्नाटक पुढे. आपल्याकडे जातीत आणि नात्यात, मामे-आते भावंडांत लग्नं होतात. दोन्हीकडून तेच सदोष जनुक येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. पण मुळात दोष आला कुठून, हे ट्यूबमधल्या गुठळ्या सांगू शकत नव्हत्या.

त्यासाठी डीएनए वाचता यावा लागला. १९९० साली दोन्ही टोकं हाती आली. यामामोतो यांच्या गटाने एबीओचं जनुक उलगडलं आणि साध्या ओमध्ये एक अक्षर गळालेलं असतं एवढाच काय तो फरक निघाला. त्याच वर्षी मिशिगनमध्ये जॉन लो यांच्या प्रयोगशाळेने एच घडवणाऱ्या एन्झाइमचं जनुक, एफयूटी-१, वेगळं केलं. १९९७ मध्ये कोडा आणि सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे गटाचा दोष अक्षरापर्यंत नेऊन पोचवला. एफयूटी-१ मधलं ७२५ क्रमांकाचं अक्षर टी ऐवजी जी. त्यामुळे ३६५ अमिनो आम्लांच्या एन्झाइममध्ये २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि एन्झाइम निकामी होतं. शेजारचंच एफयूटी-२, ज्यामुळे लाळेत आणि आतड्यात एच येतं, ते तर साफ गायब.

एका गुणसूत्रावर शेजारीशेजारी असे दोन वेगळे दोष, आणि तीच जोडी माणसामागून माणसात. हा योगायोग वारंवार घडत नसतो. कधीतरी कुणा एका पूर्वजात ही जोडी जुळली आणि पिढ्यानपिढ्या एकत्रच उतरत आली. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांत हीच जोडी सापडली. त्याच बेटावरच्या फ्रेंच वंशाच्या लोकांतही एचची उणीव आहे, पण त्यांचं बिघडलेलं अक्षर निराळं. रक्तपेढीच्या टेबलावर दोघे जवळजवळ सारखे. डीएनएमध्ये दोन वेगळी घराणी.

एवढी महत्त्वाची साखर नसूनही ही माणसं ठणठणीत कशी? याचं उत्तर १९९२ साली इस्रायलमधल्या दोन मुलांनी दिलं. रक्तगट बॉम्बेच, पण वारंवार जंतुसंसर्ग, वाढ खुंटलेली, बुद्धी मंद. त्यांच्यात एच घडवणारं एन्झाइम ठीक होतं. फ्युकोजच पेशीतल्या योग्य कप्प्यात पोचत नव्हतं. ते वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक २००१ साली सापडलं. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायलाही फ्युकोज लागतं, म्हणून संसर्ग हटत नव्हता. अशा काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज देऊन गुण आला. एका रक्तगटाच्या विचित्र निकालाने डॉक्टरांना नव्या आजाराच्या दारात आणून सोडलं होतं.

उलट एफयूटी-२ नसणं कधी फायद्याचंही ठरतं. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस आतड्यातल्या याच साखरांना धरून आत शिरतो. ज्यांच्या आतड्यात त्या नाहीत, त्यांना त्याचे बरेच प्रकार बाधत नाहीत. ओ गटाच्या माणसाला मलेरियाचं गंभीर रूप कमी होतं, तर कॉलरा झालाच तर जास्त जड जातो. रोगजंतूंशी चाललेल्या या देवघेवीमुळे एकच गट कधी जिंकून गेला नाही. २०१२ मध्ये सेग्युरेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ए-बीचा भेद माणूस आणि गिबन यांच्या सामाईक पूर्वजापासून, निदान दोन कोटी वर्षं, चालत आला आहे. जात-धर्म विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे ऐकवायचे. काही हसायचे, काही नाही.

एका बाळंतिणीची बॅग आठवते. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, आणि एकामागून एक सगळ्या बॅगा क्रॉसमॅचमध्ये फेल. नातेवाईक खिडकीत हुज्जत घालत होते, “अहो ताई, ओ तर सगळीकडे मिळतं ना?” मी म्हटलं, “भाऊ, बहिणीचे सख्खे भाऊ-बहीण किती? सगळ्यांना बोलवून घ्या.” धाकटा भाऊ जुळला. हे नशीब नव्हतं, गणित होतं: आई-बाप दोघे वाहक असले की प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता.

आता आतड्यातल्या जिवाणूंच्या एन्झाइमने ए गटावरची साखर छाटून त्याचा ओ करण्याचे प्रयोग चालू आहेत. ते यशस्वी झाले तर टंचाई बरीच हटेल. बॉम्बेवाल्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही, कारण छाटून उरतं ते एच, आणि तेच त्यांना नको असतं. म्हणून तुमच्या घरात कुणी बॉम्बे निघालं तर भावंडांची तपासणी या आठवड्यात करून घ्या आणि नावं रक्तपेढीच्या यादीत लिहवा. परळला केईएमच्या आवारात, १९५७ साली ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झालेली आयसीएमआरची संस्था शंका फेडायला आजही आहे. त्या दोष असलेल्या अक्षराचा नंबर आम्हाला ठाऊक आहे, पण बॅग भरायला अजून माणूसच लागतो.