गोळी आम्लपित्ताची, चिंता हाडांची

अंधेरी-बोरिवली वा मुलुंड-घाटकोपरहून लोकल पकडणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळणे कठीण. त्यातून आम्लपित्त जडते आणि ओमेप्रेझोल किंवा पॅन्टोप्रेझोलची गोळी सुरू होते. बहुतेकदा ती काही आठवड्यांसाठीच दिलेली असते. पण कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे चालू राहते.

हाडांवर परिणाम : ही औषधे जठरातील आम्ल घटवतात. कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्यास मात्र आम्ल लागते. मोठ्या मात्रेत किंवा वर्षाहून अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांत खुबा, मनगट व मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये दिला. हा संबंध निरीक्षणांतून दिसला आहे. गोळीमुळेच हाड मोडते, असे सिद्ध झालेले नाही. दमा, संधिवातासाठी तोंडाने घ्यावयाच्या स्टिरॉइडबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. त्यामुळे होणारी हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते.

आतड्यांवर परिणाम : जठरातील आम्ल जंतूंना रोखते. ते घटल्यास तोंडातील जिवाणूही आतड्यांत आढळू लागतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांशी या गोळ्यांचा संबंध असू शकतो, असे त्याच प्रशासनाने २०१२ मध्ये सांगितले. प्रतिजैविके तर उपयुक्त जिवाणूंचाही नाश करतात. हाडांना आवश्यक असलेले 'के' जीवनसत्त्व काही प्रमाणात हेच जिवाणू तयार करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतील संशोधनात, प्रतिजैविके नसलेल्या औषधांपैकीही सुमारे २४ टक्के औषधांनी आतड्यांतील किमान एका जिवाणूची वाढ रोखल्याचे दिसले.

काय करावे? : गोळी किती काळ घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावे. स्टिरॉइड परस्पर बंद करणे धोक्याचे असते. आम्लपित्ताची गोळी अचानक सोडल्यास त्रास उसळू शकतो. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. आम्लपित्ताची गोळी चालूच ठेवणे भाग असल्यास कॅल्शियम सायट्रेटविषयी विचारणा करावी. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीविना घेऊ नये. पन्नाशीनंतर दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी हाडांची घनता तपासण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

औषध आवश्यक असेल तर ते घ्यावेच. मात्र त्याची मुदत ठाऊक असावी.