लिहिलेली अंडी

युक्रेनी भाषेत ईस्टरच्या अंड्याचे एकच नाव नाही. उकडून एका रंगात बुडवलेले, सणाला सोलून खायचे अंडे म्हणजे ‘क्राशांका’. कच्च्या अंड्यावर मेणाने नक्षी करून जपून ठेवायची ती ‘पिसांका’. पहिला शब्द रंगवण्याशी जोडलेला, दुसरा ‘पिसाती’, म्हणजे लिहिणे, या क्रियापदापासून आलेला. इंग्रजीमार्गे मराठीत येताना दोन्हींचे ‘ईस्टर एग’ होते आणि लिहिणे गळून पडते. अनुवादाच्या कामात मला ही गळती किरकोळ वाटत नाही. कारण आपल्याकडे हेच क्रियापद तयार आहे. वारली बायका लग्नाचा चौक ‘लिहितात’, मिथिलेत भिंतीवरच्या चित्रांना ‘लिखिया’ म्हणतात, बंगालचे पटुआ पट ‘लिहितात’. म्हणून पिसांकाही लिहिलीच जाते, असे मी म्हणेन.

हे लिहिणे उलट्या क्रमाने चालते. जे पांढरे राहायला हवे त्यावर आधी वितळलेल्या मेणाची रेघ ओढायची आणि अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. मग जे पिवळे ठेवायचे ते मेणाने झाकून नारिंगी, लाल, शेवटी काळा. अखेरीस अंडे ज्योतीजवळ धरून मेण पुसले, की सगळे रंग एकदम उघडे होतात. तोवर लिहिणाऱ्याला आपला मजकूर नीट दिसत नाही.

अंड्याचे कवच टिकत नाही, म्हणून जुना पुरावा थोडा आहे. कीव्हन रूसच्या काळातील चकाकी दिलेली मातीची अंडी उत्खननांत मिळाली आहेत. त्यांतल्या काहींच्या आत खडा असतो, हलवले की खुळखुळ्यासारखी वाजतात. ल्विव्हमध्ये २०१३ साली हंसिणीच्या अंड्यावर लिहिलेली, पंधराव्या-सोळाव्या शतकातील पिसांका सापडली. लुब्नी येथील कातेरिना स्कार्झिन्स्का यांच्या संग्रहातील पिसांकांची सूची सेर्ही कुल्झिन्स्की यांनी १८९९ साली छापली. एरवी ही लिपी राहिली ती घरात, आईकडून लेकीकडे जात.

मुलांचे स्थान मात्र गमतीचे होते. जुन्या रिवाजाप्रमाणे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत घरातल्या बायका रात्री, मुले झोपल्यावर, पिसांका लिहायला बसत. नमुने घराबाहेर जाऊ देत नसत. तयार झाल्यावर मुलांना उजळ रंगांची अंडी मिळत, वृद्धांना गडद रंगांची.

सोव्हिएत राजवटीने ही रीत धार्मिक म्हणून दडपली. ती जिवंत ठेवण्यात देशाबाहेर गेलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा होता. कॅनडातील व्हेग्रेव्हिल या गावात १९७५ साली भव्य धातूची पिसांका उभी राहिली. युक्रेनमधील कोलोमिया येथे संग्रहालयाची अंड्याच्या आकाराची इमारत झाली ती २००० साली. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने युक्रेन आणि एस्टोनियाच्या नावे ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या दडपणुकीनंतर रात्रीचे ते गुपित परवडणारे राहिले नाही. मुलांपासून लपवलेली लिपी वाचणारे कुणी उरले नसते. म्हणून आज ती मुलांना सोबत घेऊन लिहिली जाते. लहान मुलाच्या हाती गरम मेण देता येत नाही. त्याने कांद्याच्या सालींच्या पाण्यात क्राशांका रंगवावी, किंवा पांढऱ्या मेणखडूने अंड्यावर हवे ते काढून ते रंगात बुडवावे. क्षणापूर्वी न दिसणारी रेघ पांढरीशुभ्र वर येते. पिसांकेमागचे तत्त्व एवढेच आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला ते समजते.

कार्पेथियन डोंगरातील हुत्सुल लोकांत एक कथा आहे. कड्याला साखळदंडाने बांधलेला दुष्ट सर्प दरवर्षी आपले सेवक पाठवून किती पिसांका लिहिल्या गेल्या ते मोजवतो. कमी भरल्या, तर साखळ्या सैल होतात. युद्धाच्या या वर्षांत ही कथा तिथल्या घरांत नुसती मुलांची गोष्ट म्हणून ऐकली जात असेल, असे मला वाटत नाही. त्या मोजणीत अंडे किती सुबक आहे हे कुणी पाहत नाही. लहानग्याने लिहिलेले वाकडेतिकडे अंडेही त्यात धरले जाते.