सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावाचून मी पुढचा इतिहास का उकरून काढला, हे वाचकांना कळावयाचे नाही; म्हणून घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडल्याचा दोष पत्करून ती आधी सांगतो.

पाटावर लक्ष्मीची तसबीर होती. पुढे लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, हिशेबाची वही आणि आमच्या या कापसाच्या मुलखाला साजेल अशी ओंजळभर ताजी बोंडे. नागपूरला शिकणारे आमचे चिरंजीव सुटीत घरी आले होते. दिवसभर त्याने अंगण झाडले, पणत्यांत वाती घातल्या, आजीचा चष्मा शोधून दिला. पण आरतीच्या वेळी तो दाराशी नुसता उभा राहिला. हात जोड म्हटले तर म्हणाला, “बाबा, मी हे मानत नाही. न मानता हात जोडले तर ते खोटे होईल.” माझा पारा चढला. “मानत नसशील, तर या पाटावरचा प्रसादही तुला नको आणि या घरचा फराळही नको,” असे मी बोलून गेलो. तो उलट बोलला नाही. पाडव्याच्या सकाळी पहिल्या एस.टी.ने निघून गेला. त्याच्यासाठी भरून ठेवलेला चकल्यांचा डबा फळीवर तसाच राहिला.

माझी आई जन्माची माळकरी. मला वाटले, ती माझी बाजू घेईल. ती एवढेच म्हणाली, “अरे बाबू, त्याले काहून बोलला? पोरानं साऱ्या घरचे दिवे लावले, आन् तू त्याले अंधारात धाडलं.”

वर्गात मुलांना “शंका विचारा, भिऊ नका” म्हणून रोज सांगणारा मी मास्तर. घरच्या मुलाने शंका काढली तेव्हा मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते, राग होता. मी काही मोठा विद्वान नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेलेली नाही. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने जुनी पुस्तके चाळण्याची सवय लागलेली आहे. मनात आले, देव मानणारी आणि न मानणारी माणसे या देशात काही काल-परवा समोरासमोर आलेली नाहीत. त्यांनी एकमेकांशी कसे निभावले, ते पाहावे.

आणि ती कथा सापडली कुठे? अगदी शेजारी! राळेगावहून निघून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तिथल्या सेवाग्रामला जानेवारीत शाळेची सहल घेऊन गेलो होतो. बापूकुटीच्या मातीच्या भिंती मुले बोटांनी चाचपून पाहत होती. प्रार्थनेच्या मैदानावर उभा असता मला एका पाहुण्याची आठवण झाली. त्याचे नाव गोपराजू रामचंद्र राव. लोक त्यांना ‘गोरा’ म्हणत.

गोरा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ चा, तेलुगू ब्राह्मण घरातला. वनस्पतिशास्त्र शिकून ते कॉलेजात शिकवू लागले. हळूहळू त्यांची देवावरची श्रद्धा उडाली आणि ती उडाल्याचे त्यांनी लपवून ठेवले नाही. या मतापायी त्यांना नोकरीही गमवावी लागली. पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीच्या. ग्रहणात गरोदर बाईने बाहेर पडू नये, या समजुतीला न जुमानता त्या स्वतः गरोदर असताना बाहेर पडल्या. १९४० साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर या खेड्यात या दांपत्याने नास्तिक केंद्र काढले. केंद्र नास्तिकांचे, पण काम काय? प्रौढांना लिहावाचावयास शिकविणे, अस्पृश्यता मोडणे आणि दर पौर्णिमेला सर्व जातींची सहभोजने घालणे.

गोरांनी गांधीजींना पहिले पत्र लिहिले ते १९३० साली. आपण ‘देव’ म्हणता म्हणजे नेमके काय, असा त्यांचा प्रश्न होता. देव माणसाच्या आकलनापलीकडचा आहे, असे त्रोटक उत्तर आले. १९४१ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, भेटीची वेळ मागितली. या खेपेस गांधीजींनी नास्तिकतेला चक्क नकार दिला, तिच्या प्रचारात कोणाला यश आलेले नाही असे बजावले आणि चर्चेला वेळ नसल्याने बोलावता येत नाही, म्हणून कळविले. मात्र त्याच पत्रात त्यांनी एक गोष्ट कबूल केली: तुम्हाला जे काही यश मिळाले, ते लोकांत राहून केलेल्या प्रामाणिक कामाचे आहे.

वाचकहो, हे वाचून मला धीर आला. महात्म्यालासुद्धा पहिल्या झटक्यात जमले नव्हते! दार त्यांनीही लावून घेतले होते. पण कडी घातली नव्हती.

१९४४ साली गांधीजी तुरुंगातून सुटून आल्यावर गोरांचा एक सहकारी सेवाग्रामला गेला. मुदुनूरची हकीगत त्याच्या तोंडून ऐकून गांधीजींनी गोरांना बोलावणे धाडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हा नास्तिक पाहुणा आश्रमात उतरला. जिथे दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि शेवटही प्रार्थनेने, जिथे गीतेबरोबर कुराणातली आणि पारशांच्या धर्मग्रंथातली वचनेही म्हटली जात, अशा जागी! देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलावे, असा गांधीजींचा थट्टेचा सवाल. मी काही देव हरवलेला माणूस नव्हे, विचारपूर्वक नास्तिक झालेला आहे, असा गोरांचा जबाब. दोघेही हसले, आणि बोलणे सुरू झाले.

गोरांनी तत्त्वज्ञानाची पोथी सोडली नाही. त्यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातली कलकत्त्याची गोष्ट सांगितली. मिठाईच्या दुकानासमोर भुकेली माणसे मरून पडत होती. दुकानात मिठाई रचलेली. पण भुकेल्याने ती हिसकावली नाही आणि दुकानदारानेही दिली नाही. दोघांचाही समज एकच, की हे देवाने ललाटी लिहिले आहे. लोकांनी हा भार देवावर टाकला नसता, तर माणसाने माणसाकडे पाहिले असते, असे गोरांचे म्हणणे. गांधीजी गंभीर झाले. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असे मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्य शोधणारे आहोत, अशा अर्थाचे ते बोलले. तुमची रीत माझ्या रीतीच्या उलट असली, तरी तुमच्या कामाला मी मदत करीन, असेही त्यांनी सांगितले.

या उत्तराची मुळे फार मागे गेलेली आहेत. लंडनला शिकत असताना, १८९१ मध्ये, तरुण गांधी चार्ल्स ब्रॅडलॉ या प्रसिद्ध इंग्रज नास्तिकाच्या अंत्यविधीला गेले होते. ब्रॅडलॉ हिंदुस्थानचा कैवारी, म्हणून लंडनमधले हिंदी लोक तिथे जमले होते. पुढे चाळीस वर्षांनी, १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये, ‘ईश्वर हेच सत्य’ ऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे आपण का म्हणू लागलो, ते गांधीजींनी उलगडून सांगितले. ईश्वर नाकारणारे लोक आहेत. पण सत्य नको असे नास्तिकही म्हणत नाही. म्हणजे त्यांनी ओसरी एवढी रुंद केली, की न मानणाऱ्यालाही तिथे बसता यावे.

पण रुंद विचार करणे निराळे आणि त्याची किंमत मोजणे निराळे. ती वेळ लग्नाच्या निमित्ताने आली. गोरांची मुलगी मनोरमा आणि अर्जुनराव हा त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातला तरुण यांचे लग्न ठरले होते. ते सेवाग्रामलाच व्हावे, मात्र मुलीचे वय लहान असल्याने दोन वर्षे थांबावे, असे गांधीजींनी सुचविले. गोरा थांबले. पण विधीत देवाचे नाव आले तर? नास्तिकाच्या मुलीने देवाच्या साक्षीने शपथ घ्यावी, हे त्या शपथेलाच खोटे पाडणारे झाले असते. गांधीजींनी ते मान्य केले. देवाच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने शपथ घ्यावयाची ठरली.

लग्नाचा दिवस पाहावयास गांधीजी उरले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेला जात असताना त्यांचा खून झाला. ज्या ब्रॅडलॉच्या अंत्यविधीला ते विद्यार्थिदशेत गेले होते, त्याची मृत्युतिथीही ३० जानेवारीच. हा योगायोग; त्यातून कोणी अर्थ काढू नये. पण एक गोष्ट मात्र योगायोगाची नव्हे. राम मानणाऱ्या या माणसावर गोळ्या झाडल्या त्या कोणा नास्तिकाने नव्हेत, त्यांच्याच धर्मात जन्मलेल्या माणसाने. मने जुळण्यास देव एक असणे पुरत नाही, आणि देव एक नसला म्हणून ती तुटतातच असेही नाही.

१३ मार्च १९४८ रोजी सेवाग्रामला ते लग्न ठरल्याप्रमाणे लागले. आश्रम अजून दुःखातून सावरला नव्हता. गांधीजींच्या मागे काय करावे, याचा विचार करावयास देशभरचे रचनात्मक कार्यकर्ते त्याच दिवसांत तिथे जमले होते. अशा वेळी दिलेला शब्द मागे ठेवला गेला नाही. गोरांनी या सहवासाची हकीगत पुढे एका लहानशा इंग्रजी पुस्तकात लिहिली. ते १९५१ साली छापून निघाले, आणि ते छापले गांधीजींच्याच नवजीवनने! गोरांचा मुलगा लवणम् तर विनोबांच्या भूदानयात्रेत त्यांची भाषणे तेलुगूत सांगत हिंडला. ईश्वराचे नाव घेणारा संत बोलतो आहे आणि नास्तिक त्याचा शब्द लोकांपर्यंत पोचवितो आहे, असे ते चित्र.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन वाटू नये. आगरकर आमच्या वऱ्हाडातल्या अकोल्याच्या शाळेतून १८७५ साली मॅट्रिक झाले. टिळक आणि ते कॉलेजातले जिवलग; १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेदांनी ती मैत्री फाटली. सनातन्यांनी जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. पण हेच आगरकर घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या देवपूजेच्या आड आले नाहीत. लेखणीला धार, पण ती देवघरात चालवावयाची नाही, हा विवेक त्यांच्यापाशी होता. १८९५ साली ते वारले, तेव्हा दहनासाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवलेले निघाले. आपल्या मतांचा बोजा मेल्यावरही कोणावर पडू नये, एवढी ती काळजी.

राळेगावहून हाकेच्या अंतरावर रावेरी आहे. तिथे रामाविना एकट्या सीतेचे देऊळ आहे. टाकून दिलेल्या सीतेने पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिच्या शापाने रावेरीत गहू पिकत नसे, अशी आख्यायिका. या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलणाऱ्या, शेतमालाच्या भावाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने. १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून बायकोच्या नावे जमीन करून द्या, असे शेतकऱ्यांना सांगत ते गावोगाव हिंडले. त्यांना सीतेत टाकलेली बाई दिसली, गावातल्या म्हाताऱ्यांना देवी दिसली. देऊळ मात्र दोघांचेही उभे राहिले.

सगळीकडेच असे गोड झाले, असे मात्र म्हणता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. ते ऐकून घेण्याइतकाही धीर कोणाला राहिला नाही. म्हणून घरातल्या लहानशा रागाकडेही मी आता निराळ्या नजरेने पाहतो. ‘या घरचा फराळ तुला नको,’ हे वाक्य लहान खरे; पण त्याची जात तीच.

सेवाग्रामच्या गोष्टीतून मला कळले ते एवढेच. गांधीजी गोरांशी जुळवून घेऊ शकले, कारण हा मनुष्य काय मानत नाही याच्याऐवजी तो काय करतो, ते त्यांनी पाहिले. दोघांनी एकमेकांसाठी काही सोडले. पण जे सोडले ते विधीतले, मनातले नव्हे. एकाने शपथेतले नाव सोडले, दुसरा दोन वर्षे थांबला. गोरा शेवटपर्यंत नास्तिक राहिले, १९७५ साली वारले. आणि गांधीजी शेवटपर्यंत प्रार्थनेला जात राहिले.

श्रावणात मी चिरंजीवांना पत्र टाकले. फोनवर मला ते बोलता आले नसते. लिहिले की, गेल्या वर्षी तू खरे बोललास आणि मी खरे बोलणाऱ्याला ताटावरून उठविले. ही चूक माझी. यंदा आरती मी म्हणेन, आजी म्हणेल. तू म्हणू नकोस. पण दिवे तूच लाव. तुझ्याइतके नीट ते कोणाला लावता येत नाहीत.

उत्तर आले. धनत्रयोदशीला येतो, असे लिहिले होते. खाली एक ओळ: “फराळाचे काय ठरले?”

पत्र आईला वाचून दाखविले. ती फळीवरून रिकामा डबा काढून पुसू लागली. म्हणाली, “त्याले लिही, चकल्या जास्तीच्या करतो म्हणा. आन् देवाचं मी पाहून घेतो.”