रक्त, किंकाळी आणि हशा : स्लॅशरपटांचा प्रेक्षक नेमका कशाला हसतो?

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानात कुऱ्हाडी, करवती आणि तुटलेली मुंडकी कशाला? पण लोक कशाला घाबरतात आणि कशाला हसतात, हाही इतिहासच असतो. आणि ज्या वेळी लोक एकाच गोष्टीला घाबरतात आणि हसतातही, त्या वेळी भांडणं होतात. आज आपल्याला ती भांडणं बघायची आहेत.

आधी व्याख्या. स्लॅशर म्हणजे असा भयपट, ज्यात एक खुनी, बहुतेकदा मुखवटा घातलेला, तरुण मुलामुलींना एकेक करून मारतो आणि शेवटी एक मुलगी उरते. जॉन कार्पेंटरचा १९७८चा ‘हॅलोवीन’ हा त्याचा वस्तुपाठ. त्यात रक्त फारसं नाही, हे आवर्जून लक्षात ठेवा. रक्ताचा पूर आला तो ९ मे १९८० रोजी, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’बरोबर. साधारण साडेपाच लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमानं एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या आसपास कमाई केली. टॉम सॅव्हिनी या रंगभूषाकारानं रबर, नळ्या आणि नकली रक्त वापरून जे मृत्यू उभे केले, ते बघायला लोकांनी रांगा लावल्या.

आता समीक्षकांचं म्हणणं ऐका. शिकागोचे जीन सिस्केल इतके संतापले, की त्यांनी परीक्षणात सिनेमाचा शेवटच फोडून टाकला आणि वितरण करणाऱ्या कंपनीच्या मालकाला निषेधाची पत्रं लिहा, असं वाचकांना सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी आणि रॉजर ईबर्ट यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक अख्खा भाग या सिनेमांना दिला. त्यांचा मुद्दा साधा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या सिनेमांत कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी बघतो, बळी बहुतेकदा एकटी बाई असते, आणि प्रेक्षागृहात लोक खुन्याच्या बाजूनं आरडाओरडा करतात, हसतात. गंमत म्हणजे दोघांनीही ‘हॅलोवीन’ची बाजू घेतली. म्हणजे त्यांचा आक्षेप भयपटाला नव्हताच. आक्षेप होता त्या हशाला.

पण हा हशा काही १९८० साली जन्मलेला नाही. थोडं मागे, पॅरिसला जाऊ. १८९७ साली पिगाल भागात, एका जुन्या प्रार्थनागृहाच्या इमारतीत ‘ग्रां गिन्योल’ नावाचं छोटंसं नाट्यगृह सुरू झालं. जेमतेम तीनशे खुर्च्या. तिथं एका संध्याकाळी चार-पाच छोटी नाटकं व्हायची. एकात डोळे काढले जायचे, गळे चिरले जायचे, आणि लगेच पुढचं नाटक चावट प्रहसन! आलटून पालटून गरम आणि गार पाणी अंगावर घ्यावं, तसा तो प्रकार होता. रक्त दाखवलं की हसवायचं आणि हसवलं की पुन्हा रक्त दाखवायचं, हे गणित त्या मंडळींनी पक्कं केलं होतं. किती प्रेक्षक चक्कर येऊन पडले, यावर खेळाचं यश मोजायचे म्हणे. ते नाट्यगृह १९६२ पर्यंत चाललं. म्हणजे भीतीचा ताण सोडवायला हसू लागतं, हे धंदा करणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर महेश कोठारे यांचा १९९३चा ‘झपाटलेला’. त्याचं मूळ कथाबीज १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन स्लॅशरपटातलं. मराठीत येताना त्यातलं रक्त जवळजवळ गेलं आणि विनोद वाढला. पण तात्या विंचू म्हटलं की आजही कुणाला हसू येतं आणि कुणाला लहानपणीची पलंगाखालची भीती आठवते. बाहुला एकच असतो, मतं मात्र दोन.

पुन्हा ऐंशीच्या दशकात येऊ. संतापाचं रूपांतर कात्रीत झालं. कॅनडाच्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’मधले (१९८१) मृत्यूचे प्रसंग अमेरिकेत मानांकन मिळवण्यासाठी एवढे कापले गेले, की ते पुन्हा जोडलेले बघायला प्रेक्षकांना २००९ उजाडावं लागलं. १९८४ साली सांताक्लॉजच्या वेशातला खुनी दाखवणारा ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ पालकांच्या निदर्शनांनंतर थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला. ब्रिटनमध्ये तर त्याच वर्षी व्हिडिओ कॅसेटवर नियंत्रण ठेवणारा कायदाच झाला. तिथल्या आक्षेपार्ह कॅसेटच्या यादीत सॅम रेमीचा ‘द ईव्हिल डेड’ही काही काळ होता. गंमत बघा, पुढे याच सिनेमाचा दुसरा भाग (१९८७) रक्तरंजित विनोदाचा नमुना म्हणून नावाजला गेला.

या सगळ्याचा परिणाम काय झाला? एक पिढी कापलेले सिनेमे बघत मोठी झाली. न बघितलेल्या रक्ताची तिला ओढ लागली. त्या ओढीतून ‘जुन्या वळणाचा स्लॅशर’ हा प्रकार आला. अ‍ॅडम ग्रीनचा ‘हॅचेट’ (२००६) घ्या. लुइझियानाच्या दलदलीत पर्यटकांची बोट बुडते आणि व्हिक्टर क्राउली नावाचा विद्रूप खुनी त्यांना गाठतो. संगणकाची करामत नाही, सगळं रबर आणि रंगवलेलं रक्त. क्राउलीची भूमिका केली केन हॉडरनं, ज्यानं पूर्वी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेत जेसनचं काम केलं होतं. पहिला अर्धा भाग जवळजवळ विनोदी, आणि मग मृत्यू इतके अतोनात, की किंचाळावं की हसावं कळत नाही.

प्रेक्षकांची मतं सरळ दुभंगली. एक बाजू म्हणाली, हीच ती मजा, जी आमच्यापासून कापून घेतली होती. मृत्यू इतका अशक्य आहे की तो जादूच्या खेळासारखा वाटतो. दुसरी बाजू म्हणाली, ज्या माणसांबरोबर आपण आत्ताच हसलो, त्यांना असं फाडलेलं बघून मजा कशी येईल? तिसरी तक्रार जाणकारांची: इतकं हसवल्यावर भीती राहतेच कुठे? या तिन्ही मतांत सिनेमा तोच आहे. फरक आहे तो प्रेक्षक त्याला कशाच्या शेजारी ठेवून बघतो, यात. सॅव्हिनीची कला आठवणारा ‘हे कसं केलं असेल?’ म्हणून हसतो. सिस्केल-ईबर्टना जे दिसलं ते ज्याला दिसतं, त्याला तोच हशा क्रूर वाटतो.

इथं कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेचं १९८७चं निरीक्षण महत्त्वाचं आहे. तिनं दाखवलं, की सुरुवातीला खुन्याच्या नजरेनं बघणारा प्रेक्षक, बहुतांशी तरुण मुलगा, शेवटाकडे त्या उरलेल्या मुलीच्या बाजूला येतो. ती लढते तेव्हा तो तिच्यासाठी ओरडतो. म्हणजे प्रेक्षागृहातला आरडाओरडा एका जागी स्थिर नसतो. अर्थात यानं सिस्केल-ईबर्ट यांचा प्रश्न मिटत नाही. मधल्या तासभरात ज्या मुली मेल्या, त्यांच्या बाजूनं कोण ओरडलं? तो प्रश्न उरतोच, आणि उरायलाही हवा.

म्हणून मंडळी, अशा सिनेमाबद्दल कुणाचं मत ऐकाल तेव्हा ‘आवडला की नाही’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या क्षणी हसू आलं, ते विचारा. खुन्याच्या बेसुमार ताकदीवर? रबराच्या मुंडक्यावर? की मरणाऱ्या माणसाच्या असहायतेवर? पहिल्या दोन उत्तरांत ग्रां गिन्योलची जुनी करमणूक आहे. तिसरं उत्तर आलं, तर मात्र १९८० सालचं भांडण अजून संपलेलं नाही, असं समजा.