आधीं मूत्रपिंड कीं आधीं रक्तदाब?

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या गृहस्थाला जेव्हां लघवी तपासून आणावयास सांगतात, तेव्हां त्याला थोडें नवलच वाटतें. तक्रार रक्तदाबाची आणि चौकशी मूत्रपिंडांची! परंतु हा संबंध फार निकटचा आहे. मनुष्य स्वस्थ बसलेला असतां हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो, आणि प्रत्येकांत असलेल्या सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या तें रक्त अहोरात्र गाळीत असतात. रक्ताचा दाब बेताचा असेल तरच हें गाळणें नीट चालतें. उलट, शरीरांत मीठ आणि पाणी किती राखावयाचें हें मूत्रपिंडांच्या हातीं असल्यामुळें, रक्तदाब किती राहावा हेंहि पुष्कळ अंशीं तींच ठरवितात. एक बिघडलें कीं दुसरें बिघडतें, हें आज सर्वमान्य आहे. पण प्रथम बिघडतें कोण? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर पाश्चात्य वैद्यांनीं शंभर वर्षें वाद घातला. तो वाद नुसता पंडिती नव्हता. रोग्याचा रक्तदाब उतरवावा कीं तसाच राहूं द्यावा, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून होतें.

या कथेचा आरंभ लंडनमधील गाय्ज् रुग्णालयांत होतो. तेथील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्वांगास सूज येऊन दगावणाऱ्या कांहीं रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर धरली कीं ती अंड्यांतील पांढऱ्याप्रमाणें गोठते, आणि मरणोत्तर तपासणींत त्याच रोग्यांचीं मूत्रपिंडें रोगट आढळतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. लघवीवाटे जाणारें तें द्रव्य म्हणजे रक्तांतील अल्ब्युमिन. पुढें १८३६ सालीं अशा शंभर रोग्यांचा आढावा घेतांना ब्राइट यांना आणखी एक गोष्ट जाणवली. पुष्कळांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला होता, आणि त्यांतल्या कित्येकांच्या झडपांत तर कांहींच दोष नव्हता. कोणत्या ओझ्याशीं झुंजून हें हृदय पैलवानाच्या दंडासारखें फुगलें? ब्राइट यांनीं तर्क केला कीं, मूत्रपिंडांच्या विकारानें अशुद्ध झालेलें रक्त एक तर हृदयालाच चेतवीत असावें, नाहीं तर बारीक रक्तवाहिन्यांतून तें सुखानें वाहत नसल्यामुळें हृदयाला अधिक जोर करावा लागत असावा. रोग्याचा रक्तदाब मोजण्याचें कोणतेंहि साधन हातीं नसतां केलेला हा तर्क आहे! स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनीला कांचेची नळी जोडून तींत रक्त ८ फूट ३ इंच चढतें असें पाहिलें होतें व १७३३ सालीं तें प्रसिद्धहि केलें होतें. पण रोग्यावर असा प्रयोग करणार कोण?

ब्राइट यांच्या मतें, मग, आधीं मूत्रपिंड. या मताला पहिला जबर धक्का ज्यानें दिला त्याचें नांव ऐकून श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. तें नांव फ्रेडरिक अकबर महंमद! पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेले, कंपनीच्या फौजेबरोबर हिंडलेले आणि उतारवयांत इंग्लंडमध्यें ब्रायटन येथील आपल्या स्नानगृहामुळें नांवाजलेले दीन महंमद हे त्यांचे आजोबा. आपल्याकडील चंपीचें 'शँपू' हें रूप इंग्लंडांत रूढ होण्यास याच गृहस्थांचें स्नानगृह बरेंचसें कारण झालें. नातू १८४९ सालीं ब्रायटन येथेंच जन्मला आणि ब्राइट यांच्याच गाय्ज् रुग्णालयांत शिकला. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर रेखाटणारें एक यंत्र फ्रान्सांत मारे यांनीं १८६० च्या सुमारास तयार केलें होतें. महंमदांनीं विशीच्या आरंभींच त्यांत सुधारणा करून नाडी दाबून थांबविण्यास किती जोर लागतो हें अजमावण्याची सोय केली. स्कार्लेट फीव्हर नांवाच्या तापांतून उठणाऱ्या रोग्यांच्या नाड्या त्यांनीं या यंत्रानें टिपल्या. लघवींत अल्ब्युमिन दिसूं लागण्यापूर्वींच नाडीचा ताण वाढलेला असतो, असें त्यांनीं १८७४ सालीं जाहीर केलें. पुढें तर त्यांना असे लोक आढळले कीं, ज्यांची नाडी सतत ताठर, पण लघवी अगदीं निर्मळ. वरून पाहतां धडधाकट, कामधंदा करीत हिंडणारे. म्हणजे दाब आधींचा, आणि मूत्रपिंडांची खराबी मागाहूनची! हा तरुण संशोधक १८८४ सालीं विषमज्वरानें अवघ्या ३५ व्या वर्षीं वारला, आणि त्याच्यामागें त्याचें कार्यहि दीर्घकाळ विस्मृतींत पडलें. मला वाटतें, आपल्याकडे हें नांव असावें तितकें परिचित अजूनहि नाहीं.

१८९६ सालीं इटलींतील रीवा-रोच्ची यांनीं दंडाला बांधावयाचा हवेचा पट्टा काढला व १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कॉव्ह यांनीं त्याला कानानें ऐकण्याची जोड दिली. तेव्हांपासून रक्तदाब ही कोणालाहि मोजतां येण्याजोगी वस्तु झाली. मूत्रपिंडें निरोगी असूनहि दाब चढलेला, असे लोक मग हजारोंनीं सांपडूं लागले. १९११ सालीं जर्मनींत या प्रकाराला जें नांव पडलें त्याचें इंग्रजी रूप 'इसेन्शियल'. अभिप्रेत अर्थ इतकाच कीं, या दाबाला दुसऱ्या कोणत्या रोगाचें कारण सांपडत नाहीं. इंग्रजी कानाला मात्र त्यांत 'आवश्यक' असा ध्वनि ऐकूं येतो, आणि पुष्कळांची समजूतहि तशीच होती. नळ चोंदले असतां टाकींतील दाब कमी केला तर घरांत पाणी कसें पोंचणार? बोस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनीं १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, वाढलेला दाब ही शरीरानेंच केलेली भरपाई असूं शकेल. तो उतरविणें साधलें तरी त्याला हात लावूं नये.

या विचाराला उत्तर प्रयोगशाळेंतून आलें. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या रुप्याच्या चिमट्यानें किंचित् आवळल्या, तों त्यांचा रक्तदाब चढला व चढलेलाच राहिला. प्लीहेची किंवा मांडीची धमनी आवळून तसें कांहींच होईना. हा प्रयोग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. रक्ताला आंचवलेलें मूत्रपिंड कोणतें तरी द्रव्य सोडतें, हें उघड झालें. आणि तेव्हां कोठें लोकांना आठवण झाली कीं, स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन यांनीं सशाच्या मूत्रपिंडांतून असेंच द्रव्य १८९८ सालीं काढून त्याला रेनिन हें नांवहि देऊन ठेवलें आहे! परंतु मला सर्वांत मार्मिक वाटतो तो विल्सन व बायरम यांचा लंडनमधील १९३९ सालचा प्रयोग. त्यांनीं उंदरांचें एकच मूत्रपिंड आवळलें, दुसरें मोकळें ठेविलें. दाब भयंकर चढला, आणि नासलें तें मोकळें मूत्रपिंड! चिमटा लावलेलें मात्र त्या चिमट्याच्याच आडोशानें बचावलें. एकाच जनावरांत एका बाजूचें मूत्रपिंड दाब चढवितें आणि तो दाब दुसऱ्या बाजूचें मूत्रपिंड खातो. शिवाय खाल्लें गेलेलें मूत्रपिंड पुन्हा दाबांत भर टाकणार, तें निराळेंच. या चक्राला आरंभ कोठून झाला, हें एकदां तें फिरूं लागल्यावर विचारण्यांत अर्थ नव्हता. तें कोठें तरी थांबविणें प्राप्त होतें.

मग औषधें निघालीं. १९६७ सालीं अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांवर झालेल्या चांचणींत नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं २७ जणांवर घोर प्रसंग ओढवले. खरें औषध घेणाऱ्यांत असे दोघेच निघाले. ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून रेनिनची सांखळी मध्येंच तोडणारें कॅप्टोप्रिल तयार झालें. १९९३ सालच्या चांचणींत मधुमेहानें मूत्रपिंडें बिघडलेल्या रोग्यांपैकीं हें औषध घेणाऱ्यांत मृत्यु, यंत्रावर रक्तशुद्धि किंवा मूत्रपिंडाचें आरोपण यांपैकीं कांहीं ओढवण्याचा धोका सुमारें निम्म्यानें घटला. या जातीचीं औषधें सुरू केल्यावर डॉक्टर कांहीं दिवसांनीं पुन्हा रक्त तपासून घेतात, त्याचें कारणहि याच इतिहासांत आहे. एखाद्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या गोल्डब्लाटच्या कुत्र्यांप्रमाणें आंतून आवळलेल्या असल्या, तर त्याचें गाळण्याचें काम रेनिनच्या जोरावरच चाललेलें असतें, आणि तो आधार काढून घेतांच त्याचीं मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडूं शकतात.