जालना परिसराचा मध्ययुगीन इतिहास आणि सार्वजनिक व्याख्यानाची कसोटी

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाच्या वाढीत सार्वजनिक व्याख्यानाला आणि विद्वत्सभेला स्वतंत्र स्थान आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १९१० मध्ये वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी तेथेच भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पहिल्या उपक्रमाने सुशिक्षित समाजास गंभीर विषय ऐकण्याची सवय लावली. दुसऱ्याने विषय मांडणाऱ्यास आपले विधान अस्सल कागदाने सिद्ध करण्याची सवय लावली. या दोन सवयींचा मेळ जेथे बसला तेथे व्याख्यानातून संशोधन निपजले. जेथे बसला नाही तेथे केवळ वक्तृत्व उरले.

मराठवाड्यात हा मेळ बसण्यास विलंब लागला. त्याचे कारण येथील विद्वत्तेची उणीव हे नसून राजकीय परिस्थिती हे होय. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानान्वये सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक होती. अशा स्थितीत साहित्य व इतिहास यांवरील भाषणासही संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेस मराठी साहित्य संमेलन भरले आणि १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे झाले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यावर ते त्यात समाविष्ट झाले. मराठी बोलणाऱ्यांनी एकत्र जमून आपल्या प्रश्नांचा विचार करावा, एवढीच गोष्ट त्या काळी धैर्याची होती. विद्यापीठीय पातळीवर इतिहास व मराठी या विषयांच्या चर्चेस स्थिर आधार मिळाला तो १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतरच.

या विलंबाचा एक परिणाम असा झाला की, या प्रदेशातील साधनांचा विचार प्रदेशाबाहेर झाला. समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० मध्ये जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. परंतु रामदासी वाङ्मयाचे पद्धतशीर संकलन झाले ते धुळ्यास. तेथील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, मठामठांतून हस्तलिखिते मिळविली आणि डोमगाव मठातील प्रतीवरून १९०५ मध्ये दासबोध छापून प्रसिद्ध केला. डोमगावही मराठवाड्यातीलच. साधन येथले, मुद्रण आणि चर्चा अन्यत्र, असा हा क्रम आहे. देवांच्या परिश्रमांचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र ज्या भूमीत साधने सापडली त्या भूमीतील वाचक दीर्घ काळ श्रोताच राहिला.

श्रोत्याच्या या भूमिकेमुळे काय घडते, हे समर्थ आणि शिवाजी महाराज यांच्या भेटीच्या प्रश्नावरून दिसते. भेट १६४९ मध्ये झाली, की १६७२ मध्ये, हा वाद विसाव्या शतकात सभांतून व नियतकालिकांतून मोठ्या आवेशाने झाला. वस्तुतः प्रश्न पत्रांच्या अर्थाचा आणि उत्तरकालीन बखरींच्या विश्वसनीयतेचा होता; पण व्यासपीठावर त्याला निष्ठेचे रूप आले. समकालीन पत्र आणि शतकाहून अधिक काळाने लिहिलेले चरित्र यांचे वजन सारखे नसते, हे श्रोत्यांपुढे सोदाहरण मांडले गेले असते तर त्या वादाची शक्ती अधिक फलदायी मार्गाने खर्ची पडली असती.

खुद्द जालना शहराच्या इतिहासातील एक प्रसंग याहूनही नाजूक आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजांनी जालनापूर लुटले. सभासदाच्या बखरीत या मोहिमेचा वृत्तान्त आहे. तिचा भर रणमस्तखानाशी झालेल्या झुंजीवर, सिधोजी निंबाळकराच्या मृत्यूवर आणि बहिर्जीने दाखविलेल्या वाटेने फौज पट्टागडाकडे निघून गेली यावर आहे. खाफीखान मात्र जान मुहंमद या फकिराची कथा सांगतो. धनिकांनी त्याच्या आश्रयस्थानी संपत्ती नेली, तेथेही लूट झाली, फकिराने शाप दिला आणि पुढे काही महिन्यांतच महाराजांचा मृत्यू झाला, अशी ती कथा. खाफीखानाचा ग्रंथ अठराव्या शतकातील, म्हणजे घटनेनंतर सुमारे अर्ध्या शतकाने सिद्ध झालेला आहे. शाप आणि मृत्यू यांचा त्याने जोडलेला संबंध इतिहासाचा नसून नीतिकथेचा आहे. पण तेवढ्यावरून सारी कथा टाकून देता येत नाही. कारण मशिदी, कुराण व स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा नियम होता, ही साक्षही याच ग्रंथकाराने दिली आहे. सोयीची साक्ष घ्यावी आणि गैरसोयीची टाळावी, ही रीत संशोधनास मान्य नाही. या विषयावर जालन्यात बोलणाऱ्या वक्त्याची खरी परीक्षा येथेच होते, कारण त्याच्यापुढे दोन्ही परंपरा जपणारे श्रोते बसलेले असतात.

तिसरे क्षेत्र महानुभाव वाङ्मयाचे. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील जाळीचा देव हे चक्रधरस्वामींच्या स्मृतीशी निगडित तीर्थस्थान आहे. लीळाचरित्र व स्थानपोथी यांत गावे, देवळे, वाटा व दिशा यांचे तपशील विपुल आहेत. डॉ. वि. भि. कोलते यांचे संपादनकार्य आणि मराठवाडा विद्यापीठात डॉ. यू. म. पठाण यांनी केलेला हस्तलिखितांचा अभ्यास यांमुळे ग्रंथांची बाजू पुष्कळ स्पष्ट झाली. स्थळांची बाजू मात्र ग्रंथालयात बसून पुरी होत नाही. पोथीतील एखादे नाव आज कोणत्या शिवाराला लागू पडते, ओढ्याचा प्रवाह पूर्वी कोणीकडून होता, हे तेथील वृद्ध शेतकरी किंवा मठातील साधक सांगू शकतो. येथे श्रोता हाच माहितगार ठरतो आणि वक्त्यास शिकण्याची पाळी येते.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. विद्यापीठाच्या चर्चासत्रात निबंध तपासला जातो, सार्वजनिक व्याख्यानात तो समाजापुढे ठेवला जातो. या दोन वेगळ्या पायऱ्या असल्या तरी एकीवाचून दुसरी अपुरी आहे. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत पुढे येणारे एखाद्या घरचे दप्तर, एखाद्या दर्ग्याची सनद किंवा एखाद्या गावाचे जुने नाव टिपून ठेवले नाही, तर ते सभेबरोबरच विरून जाते. म्हणून भाषणाइतकीच चर्चेची नोंद छापली जाणे आवश्यक आहे. जांब, जालना आणि जाळीचा देव ही तीन स्थळे एकाच जिल्ह्यात असून तिन्हींची साधने भिन्न लिपींत व भिन्न श्रद्धांच्या ताब्यात आहेत. मोडी, फारसी आणि सांकेतिक लिपी वाचणारे अभ्यासक ज्या दिवशी एका व्यासपीठावर बसून परस्परांचे पुरावे तपासतील, त्या दिवशी या परिसराचा मध्ययुगीन इतिहास खऱ्या अर्थाने लिहिला जाऊ लागेल.