बोलणारे गेल्यावर उरणारा आवाज

२६ जानेवारी २०१० रोजी अंदमानात बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले आणि ग्रेट अंदमानी कुळातील 'बो' ही भाषा जाणणारी अखेरची व्यक्ती काळाच्या पडद्याआड गेली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली गाणी, कथा आणि शब्द मात्र मागे राहिले. एखादी भाषा मूक झाल्यावर तिचा असा ठेवा हाच तिचा एकमेव साक्षीदार ठरतो. म्हणूनच तो कोठे आणि कसा जपला जातो, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

या कामाचे दोन टप्पे असतात. भाषकांमध्ये राहून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, त्याचे लिप्यंकन व भाषांतर करणे हा पहिला टप्पा होय. जमा झालेली सामग्री दीर्घकाळ टिकेल आणि शोधणाऱ्यास सापडेल अशा रीतीने अभिलेखागारात ठेवणे हा दुसरा. पहिल्याचे कौतुक होते. दुसरा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो.

ही कल्पना नवी नाही. व्हिएन्ना येथे १८९९ मध्ये आणि बर्लिन येथे १९०० मध्ये ध्वनिसंग्रह स्थापन झाले. त्या काळी मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरला जाई. भारतात जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीला त्यातील सातवा खंड लाभला. याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अनेक भारतीय भाषांचे नमुने मुद्रित झाले. त्या तबकड्या जपल्या गेल्या, म्हणूनच आज ते आवाज संगणकावर ऐकता येतात.

सन २००० नंतर या कामाला संघटित रूप आले. लंडनच्या 'सोआस' या संस्थेत २००२ मध्ये संकटग्रस्त भाषांचे 'इलार' हे अभिलेखागार सुरू झाले. २०२१ मध्ये ते बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीकडे गेले. प्रशांत महासागराच्या परिसरातील भाषांसाठी ऑस्ट्रेलियात २००३ पासून 'पॅराडिसेक' कार्यरत आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१३ मध्ये दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांच्या जतनाची योजना हाती घेतली.

नुसती ध्वनिफीत पेटीत ठेवली म्हणजे जतन झाले, असे नाही. कोण बोलत आहे, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या भाषेत, कशाविषयी आणि कोणाच्या संमतीने, ही माहिती सोबत नसेल तर काही वर्षांनी ती फीत म्हणजे निव्वळ अनोळखी आवाज उरतो. भाषेच्या नावांची अनेक रूपे प्रचलित असल्याने तीन अक्षरांचा आंतरराष्ट्रीय संकेतही नोंदवला जातो. आकुंचन न केलेल्या स्वरूपातील ध्वनी, त्याच्या प्रत्येक क्षणाशी जोडलेले लिप्यंकन आणि निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती ही चांगल्या जतनाची लक्षणे मानली जातात.

वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींचे महत्त्व ब्राझीलमधील दुर्घटनेने पटवून दिले. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तेथील मूलनिवासी भाषांच्या दफ्तराची राखरांगोळी झाली. आज कोणीही बोलत नसलेल्या भाषांची ध्वनिमुद्रणेही त्यात होती. ती पुन्हा करणे कोणालाही शक्य नाही.

आग लागली नाही तरी धोका टळत नाही. चुंबकीय फिती जीर्ण होतात, आणि त्या वाजवणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग तर त्याहून लवकर दुर्मीळ होतात. हा धोका ओळखून युनेस्कोच्या सहभागाने २०१९ मध्ये अशा फितींविषयी जागतिक इशारा देण्यात आला. अनेक संशोधकांचा आयुष्यभराचा संग्रह घरच्या कपाटातच असतो आणि त्यांच्या पश्चात वारसांना त्याचे मोल कळेलच, असे नाही.

हा ठेवा कोणाचा, हा नाजूक प्रश्न आहे. काही गीते विशिष्ट विधीपुरतीच असतात, तर काही कथा परक्यांना सांगावयाच्या नसतात. त्यामुळे कोणती सामग्री सर्वांना खुली ठेवायची आणि कोणती समाजापुरती, हे भाषकांच्या संमतीने ठरवले जाते. त्याचा लाभही प्रथम त्यांनाच व्हावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील मायामी समाजाची भाषा विसाव्या शतकात बोलण्यातून नाहीशी झाली होती. परंतु मिशनऱ्यांनी व अभ्यासकांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या कागदपत्रांच्या आधारे ती १९९० च्या दशकापासून पुन्हा शिकवली जाऊ लागली.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा आहे. तिचे भाषक थोडेच आहेत. पण ते आज बोलत आहेत. बो भाषेच्या बाबतीत ही संधी एका वृद्धेबरोबर संपली. निहालीची ती अजून हाती आहे.